वहिनींचा काजळीचा तारा

माझ्या पुतणीचा, मेधाचा, पुण्याहून फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा निवडत बसलो होतो. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली. रात्री वहिनी नीट जेवल्या होत्या, सकाळी मेधा चहा घेऊन खोलीत गेली तर... हे सगळं नंतर कळलं. फोन ठेवल्यावर मी उठून खिडकीशी गेलो आणि वर बघितलं. भाद्रपदातलं भरलेलं आभाळ, त्यात सकाळची वेळ, तारे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण वहिनींच्या संदर्भात काही घडलं की आधी मान वर करायची, ही सवय मला त्यांनीच लावली होती.

सुलभावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. मी स्वतः अविवाहित, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेला. म्हणजे लोकांनी न वाचलेल्या पुस्तकांवरची धूळ झटकण्यात आयुष्य काढलेला माणूस. विज्ञानाची कपाटं कुठल्या भिंतीला आहेत हे मला ठाऊक होतं, त्यापुढे माझा त्या विषयाशी परिचय नव्हता. असा मनुष्य उतारवयात एकाच ताऱ्याच्या मागे इतकी वर्षं गच्चीवर उभा राहतो, याला कारण फक्त वहिनी.

दादाचा नाशिकला रविवार कारंजाजवळ फोटो स्टुडिओ होता. दादा फोटो काढायचा आणि वहिनी रिटचिंग करायच्या. आजच्या वाचकांना हे काम समजावून सांगावं लागेल. कृष्णधवल फोटोची निगेटिव्ह खालून उजेड येणाऱ्या तिरक्या काचेवर ठेवायची, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि चेहऱ्यावरचे डाग, देवीचे वण, डोळ्यांखालची वर्तुळं बारीक बारीक ठिपक्यांनी भरून काढायची. निगेटिव्हवर काळं लावलं की फोटोत ते पांढरं उमटतं. "आमचा धंदा काळं फासून गोरं करण्याचा," वहिनी म्हणायच्या. निफाडपासून पेठ-हरसूलपर्यंतच्या कितीतरी मुली दाखवायच्या फोटोत त्यांच्या पेन्सिलीमुळे उजळ झाल्या. पुढे प्रत्यक्ष बघण्याच्या कार्यक्रमात काय झालं, ते ज्याचं त्याला ठाऊक. सांगायचं ते एवढंच, की करड्या रंगाच्या दोन छटांतला जो फरक तुम्हाआम्हाला दिसतसुद्धा नाही, तो त्यांच्या डोळ्याला खुपायचा. माझा नवा शर्ट पाहून त्या एकदा म्हणाल्या होत्या, "भाऊजी, डावी बाही वेगळ्या ताग्यातली आहे." मी तो शर्ट फाटेपर्यंत वापरला, पण डावा हात जरा मागेच ठेवला.

दादा डार्करूममध्ये गेला. म्हणजे तिथेच गेला... लाल दिव्याखाली, ट्रेमध्ये फोटो उमटत असताना. सकाळी बरा होता, दुपारी बरा होता. त्यानंतर रंगीत फोटोंची यंत्रं आली आणि रिटचिंग नावाचं काम जगातून हळूहळू उठून गेलं. वहिनींनी स्टुडिओ भाड्याने दिला आणि गंगापूर रोडच्या आतल्या अंगाच्या आपल्या बैठ्या घरात त्या एकट्या राहू लागल्या. मेधाचं लग्न होऊन ती पुण्याला गेली होती. मी पलीकडच्या गल्लीत. त्या भागात तेव्हा घरांपेक्षा द्राक्षबागा जास्त होत्या आणि अंधार पडला की खरोखरच अंधार पडायचा.

खग्रास ग्रहणाच्या सुमारास गावोगावी खगोल मंडळं उगवली, तसं आमच्याकडेही एक उगवलं. त्यांच्या एका व्याख्यानाला मी वहिनींना घेऊन गेलो, त्या घराबाहेर पडाव्यात एवढ्याच हेतूने. वक्ते पुण्याचे होते. त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला: सरळ चाललेली रेघ, एकदम कड्यावरून ढकलल्यासारखी खाली, आणि मग रखडत रखडत वर. उत्तर मुकुट नावाच्या तारकासमूहातला हा तारा. वर्षानुवर्षं एकसारखा तेवतो आणि मग काही आठवड्यांत इतका मंदावतो की साध्या दुर्बिणीतूनही नाहीसा होतो. श्रोत्यांपैकी एकाने, याचा कोणत्या राशीवर परिणाम होतो, असं विचारलं. दुसऱ्याने ग्रहणात भाजी चिरावी की नाही हे विचारलं. मग वहिनी उभ्या राहिल्या.

"पडण्याआधी काही चाहूल लागते का हो?"

वक्ते म्हणाले, "नाही. अजून तरी कुणाला सापडलेली नाही. म्हणून तर रोज बघत राहावं लागतं."

 आठवडाभराने वहिनींनी देवळालीच्या एका निवृत्त सुभेदाराकडून जुनी, दोन नळ्यांची लष्करी दुर्बीण विकत आणली. तिचं वजन पाहता शत्रूला ती फेकून मारणंही शक्य झालं असतं.

त्या ताऱ्याबद्दल मला जे कळलं ते त्यांच्याच तोंडून कळलं. सूर्यासकट बहुतेक तारे म्हणजे मुख्यतः हायड्रोजन. ह्याच्यापाशी नेमका तोच जवळजवळ नाही. वरच्या थरात हेलियम, आणि कार्बन भरपूर. कधीतरी हा कार्बन ताऱ्यापासून दूर सरकतो, निवतो आणि त्याचे कण धरतात. सरळ मराठीत, काजळी. तो ढग आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आला की तारा झाकला जातो. कंदिलाची काच काळी व्हावी तसा. आत ज्योत तशीच असते. ढग दुसऱ्या एखाद्या दिशेला उडाला तर आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. "म्हणजे तो आपल्यासाठी म्हणून काही करत नाही," वहिनी म्हणाल्या. एरवी तेवत असतानाही त्याचा उजेड दीड-एक महिन्याच्या लयीत किंचित कमीजास्त होतो, श्वास घेतल्यासारखा. तो फरक इतका बारीक, की मंडळातल्या उत्साही मंडळींना तो पुस्तकात वाचून माहीत होता. वहिनींनी तो आधी पाहिला आणि मग पुस्तकात शोधला. त्याची उत्पत्ती कशी झाली, याबद्दल शास्त्रज्ञांचं एकमत नाही. काही म्हणतात दोन विझलेले तारे एकमेकांत मिसळून हा पेटला, काही म्हणतात एकच मरता मरता पुन्हा भडकला. एकमत नाही हे ऐकून मला बरं वाटलं. आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या विभागासारखंच वाटलं. वहिनी मात्र गंभीर होत्या. "दोन्ही रीतींनी हा मेलेलाच आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मेल्यानंतर जळतोय."

अशा ताऱ्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात. हा शब्द ऐकून मला एखाद्या त्वचारोगाच्या दवाखान्याची पाटी आठवते, पण तो रुळला आहे. त्यांचं तेज मोजायची रीत सोपी आहे. आसपासच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांच्या तेजाचे आकडे नकाशात दिलेले असतात. आपला तारा कोणापेक्षा उजळ, कोणापेक्षा मंद, हे नुसत्या नजरेने ठरवायचं आणि येणारा आकडा मंडळामार्फत जगभरच्या नोंदींत पाठवायचा. आकडा मोठा तितका तारा मंद, असा उलटा हिशोब. रिटचिंग केलेल्या बाईला उलट्या हिशोबाची काय पंचाईत! पण ह्या कामाचा एक शत्रू आहे: आधीच ठाऊक असलेला आकडा. काल सहा होता हे मनात असलं की आजही सहाच दिसतो. आणि शेजारच्याने आपला आकडा आधी सांगितला तर विचारूच नका. म्हणून वहिनींना दुसरा डोळा हवा होता, आणि तो माझा.

"मला ह्यातलं काही कळत नाही, वहिनी."

"म्हणूनच. कळणाऱ्याला काय दिसायला पाहिजे ते आधीच माहीत असतं. तुम्ही आपले कोरे."

इतक्या सन्मानाने मला कुणी अडाणी म्हटलं नव्हतं. पद्धत अशी ठरली. गच्चीवर सिमेंटची पाण्याची टाकी होती. आधी वहिनी दुर्बिणीतून बघायच्या आणि टाकीच्या पूर्वेकडच्या अंगाला खडूने आपला आकडा लिहायच्या. मग मी बघायचो आणि पश्चिमेकडच्या अंगाला लिहायचो. तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. "अरे वा" नाही, "अरेरे" नाही, खोकायचं असेल तर जिन्यात जाऊन. मग दोघांनी बाजू बदलायच्या आणि एकमेकांचं वाचायचं. टाकीपलीकडून वहिनींचा आवाज यायचा, "जुळलं", किंवा "नाही जुळलं". ह्या दोन शब्दांखेरीज आमच्यात त्या वेळी संभाषण नसे, आणि तरी माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं संभाषण तेच होतं असं आता वाटतं.

एकदा अगदी काळं आकाश हवं म्हणून आम्ही हरसूलला गेलो. दादाने तिथल्या एका शेतकऱ्याच्या लग्नाचे फोटो काढले होते, त्याच्याकडे मुक्काम. त्याने आमच्यासाठी अंगण झाडून घेतलं, खाट टाकली, आणि मग दोन म्हातारी माणसं एका बिंदूकडे इतका वेळ काय बघतात याचा त्याला उलगडा होईना.

"ताई, त्यो तारा जातो मंता. जाऊ द्या की. बाकी लय हायती."

"बाकीचे जागेवर राहतात हो. हाच जातो."

तो जरा विचार करून म्हणाला, "मंग ह्याला राखण बसवली तुमी." आणि आत निजायला गेला. राखण हा शब्द वहिनींना फार आवडला. पुढे पुष्कळ दिवस त्या मला संध्याकाळी फोन करून "चला, राखणीला" म्हणायच्या.

सिंहस्थाच्या वर्षी, हिवाळा सरताना, तारा पडला. तेव्हा तो पहाटे वर असायचा. मी झोपेतच आकडा लिहिला आणि पलीकडे गेलो, तर वहिनींनीही नेहमीपेक्षा मंद लिहिलेला. "जुळलं," त्या म्हणाल्या, पण आवाज हलला होता. पुढे आठवडाभर दोन्ही बाजूंचे आकडे रोज वाढत गेले. घसरण अगदी सुरू होतानाच पकडणाऱ्या जगभरातल्या मोजक्या लोकांत त्यांची नोंद होती, असं मंडळाने आम्हाला सांगितलं. आणि सांगून थांबलं असतं तर बरं झालं असतं. सत्कार ठरला. प्रमुख पाहुणे शहरातले एक पुढारी होते. त्यांनी शाल घालताना वहिनींना "आपल्या नाशिकच्या तारका" म्हटलं, हा तारा वहिनींनी शोधून काढला असं जाहीर केलं, सिंहस्थाच्या पवित्र पर्वातच तो दिसेनासा व्हावा यात ईश्वरी संकेत पाहिला, आणि घाटावर आपल्या प्रयत्नाने किती मोठाले दिवे लागले याची माहिती दिली. त्या दिव्यांच्या उजेडात पूर्वेकडच्या आकाशातले निम्मे तारे पुसले गेले होते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. वहिनींना दोन शब्द बोलायला सांगितले. त्या ध्वनिवर्धकापाशी गेल्या, म्हणाल्या, "तारा मी शोधलेला नाही. दोनशे वर्षांपासून माहीत आहे," आणि येऊन बसल्या. टाळ्या पडल्या. लोकांना तो विनय वाटला.

वय वाढलं तशी मेधा त्यांना पुण्याला नेण्याचा आग्रह धरू लागली. वहिनींनी तिच्याशी एक करार केला, माझ्यासमोर. "मला तारा दिसतो तोवर मी इथे. दिसेनासा झाला की ये घेऊन जायला." मेधाला वाटलं आई टाळतेय. पण वहिनी कोणताही करार टाळण्यासाठी करत नसत. त्या घरात, त्या गच्चीखाली त्या एकट्या राहू शकतात की नाही, याची त्यांनी एक कसोटी ठरवली होती, आणि ती नेमकी डोळ्यांची होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याआधीच त्यांना सांगितलेलं होतं, की पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आकाश सलग बंद होतं. ढग फाटले तेव्हा गणपती होऊन गेले होते आणि मुकुट पश्चिमेला उतरलेला होता. वहिनींनी दुर्बीण लावली. फार वेळ लावून ठेवली. मग न बोलता ती माझ्या हातात दिली आणि टाकीकडे गेल्या. मी बघितलं. सात ताऱ्यांची ती अर्धवट वाटी होती, तिच्या आत जिथे आपला तारा असायचा तिथे काही नव्हतं. मी "नाही" लिहिलं. पलीकडे गेलो तर तिथेही "नाही", आणि खाली, त्यांच्या रीतीप्रमाणे, शेजारचा सर्वांत मंद कोणता तारा दिसला त्याचा आकडा.

"जुळलं!" वहिनी टाकीपलीकडून जवळजवळ ओरडल्या. मग माझ्या बाजूने डोकावून म्हणाल्या, "मला वाटलं होतं मीच गेले."

मेधाने फोनवर चेष्टा केली, "आई, तारा दिसेनासा झाला. करार आठवतोय ना?" वहिनी म्हणाल्या, "तारा गेलाय. डोळे इथेच आहेत. भाऊजींना विचार."

खरं होतं ते. जगभरातून तशाच नोंदी येत होत्या. ह्या खेपेची पडझड फार खोल होती. कंदील असा काळा झाला होता की मोठ्या दुर्बिणींनाच आतली ज्योत दिसावी. काही महिन्यांत परत येईल असं सगळे म्हणत होते. तो आला नाही. हिवाळ्यात आम्ही पहाटे "नाही" लिहीत होतो, उन्हाळ्यात संध्याकाळी "नाही" लिहीत होतो. रोज जुळत होतं. आजूबाजूच्या द्राक्षबागा जाऊन इमारती आल्या होत्या, त्यांच्यावर दिव्यांच्या पाट्या लागल्या होत्या, आकाशाला एक कायमचा पिवळट रंग आला होता. कधी वहिनी भाजीवाल्याला भलत्याच नावाने हाक मारायच्या, कधी समोरून येणाऱ्या मला आवाज दिल्याशिवाय ओळखायच्या नाहीत. ह्या वयात असं व्हायचंच, असं आम्ही दोघेही म्हणायचो. गच्चीवर मात्र त्यांचा शेजारच्या ताऱ्याचा आकडा ठरल्यासारखा यायचा, माझ्यापेक्षा सरस.

ह्यातली गोम मला आता कळते. मंद तारा सरळ बघितला तर दिसत नाही. नजर जरा बाजूला ठेवली तर डोळ्याच्या कडेने तो पकडता येतो. हे ह्या लोकांचं पहिलं शिक्षण. वहिनी इतकी वर्षं आकाशाकडे अशाच तिरक्या बघत आलेल्या. डोळ्याच्या मधोमध डाग पडला तेव्हा, ज्याला सवय नाही त्याला तो ताबडतोब जाणवला असता. त्यांना आकाशात तो जाणवलाच नाही. त्या मधल्या जागेचा त्यांना तिथे उपयोगच नव्हता. आणि मग कडाही हळूहळू मंदावल्या असणार... कधी, ते कुणीच सांगू शकत नाही.

यंदाच्या मृगाच्या तोंडावरची संध्याकाळ. वारा पडला होता. वहिनी जिना मोजून मोजून वर आल्या, दुर्बीण लावली, नेहमीइतका वेळ घेतला, दुर्बीण मला दिली आणि टाकीमागे गेल्या. खडूचा आवाज आला. मी वर बघितलं. आकाशभर एकसारखा पातळ ढग पसरलेला होता, शहराच्या उजेडाने खालून नारिंगी झालेला. एक तारा नव्हता. मी दुर्बीण लावूनही बघितलं, काहीतरी करायचं म्हणून. मग टाकीवर मोठ्या अक्षरांत "ढग" लिहिलं आणि बाजू बदलली. वहिनींच्या बाजूला लिहिलं होतं, "नाही". आणि त्याखाली शेजारच्या ताऱ्याचा आकडा.

पलीकडून आवाज आला, "जुळलं."

मी तिथेच उभा राहिलो. खाली कुठेतरी प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. काही न बोलता खाली उतरता आलं असतं. कुणाचंही काही बिघडलं नसतं. वहिनी आपल्या घरात राहिल्या असत्या, मला संध्याकाळी हाक आली असती. पण ह्या बाईने मला इतकी वर्षं एकच गोष्ट शिकवली होती, की दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून आकडा लिहायचा नाही.

"वहिनी, मी काय लिहिलंय?"

"नाही लिहिलंय. आणखी काय लिहिणार तुम्ही?"

"ढग लिहिलंय."

पलीकडे दोन पावलं वाजली. मग, "कुठे आहेत ढग?"

"सगळीकडे. आपण वर आलो तेव्हापासून."

त्या टाकीला वळसा घालून आल्या, एक हात सिमेंटवर घासत. माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत म्हणाल्या, "मला शेजारचा दिसला, भाऊजी."

"हो. लिहिलाय तुम्ही."

"खोटं नाही लिहिलं मी. दिसला."

"मला माहीत आहे."

त्या कठड्यावर बसल्या. हाताला लागलेला खडू पदराला पुसत राहिल्या. "मला ते सगळे पाठ आहेत हो," त्या म्हणाल्या. "कोण कुठे, कोण किती. डोळे मिटले तरी दिसतात. मग आता दिसलेलं कुठलं आणि पाठ असलेलं कुठलं, हे मी कशावरून ठरवू?"  उत्तर त्या माझ्याकडून मागत नव्हत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मघाशी मी जे बघितलं ते काय होतं मग?" हा प्रश्न अजून माझ्या कानात आहे.

खाली आल्यावर त्यांनी मला दोन कामं सांगितली. पहिलं, मेधाला फोन लावायचा. दुसरं, त्यांच्या नावाने पाठवलेल्या नोंदी शंकास्पद म्हणून कळवायच्या.

"कुठपासूनच्या?" मी विचारलं.

"तो दिसेनासा झाला त्या संध्याकाळपासूनच्या. सगळ्या."

"त्या दिवशी तर जुळलं होतं."

"आजही मी जुळलं म्हणाले."

मंडळातल्या मुलांना हे पटेना. ती घरी येऊन त्यांची समजूत काढू लागली, की ताई, तारा खरोखरच गेलेला आहे, जगाला तसंच दिसलं, तुमचं बरोबरच होतं. वहिनी त्यांना लाडू देत म्हणाल्या, "बरोबर होतं रे. पण बघितलेलं होतं की नाही, ते मला माहीत नाही. आणि आपण बघितलेलं पाठवायचं असतं." जून संपायच्या आत त्या पुण्याला गेल्या. दुर्बीण माझ्याकडे ठेवली. पावसाळाभर अधूनमधून संध्याकाळी फोन यायचा. "आहे का?" मी सांगायचो, "ढग." "हां," त्या म्हणायच्या, "ते तुम्हाला बरोबर ओळखता येतात." आणि हसायच्या. आकाश मोकळं होण्याआधीच त्या गेल्या.

मंडळाने शोकसभा घेतली. व्यासपीठामागे मोठा फलक होता, त्यावर वहिनींचा फोटो, बऱ्यापैकी गोरा केलेला. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, की तारा नाहीसा झाल्याचं आपल्या देशात सर्वांत आधी सुलभाताईंच्या डोळ्यांनी टिपलं, आणि त्या संध्याकाळच्या स्मरणार्थ दरवर्षी एक पुरस्कार देण्याचा मानस आहे. मी सभांतून बोलत नाही. त्या दिवशी उभा राहिलो आणि म्हणालो, की ती नोंद त्यांनी स्वतः शंकास्पद ठरवलेली आहे, तेव्हा तिच्यावर पुरस्कार उभा करू नये. सभागृहात चुळबुळ झाली. अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "काका, त्या गेल्या आता. आता कशाला ते?"

"गेल्या म्हणूनच," मी म्हणालो. "त्यांना आता स्वतः येऊन सांगता येणार नाही."

मी दुःखाने सैरभैर झालो आहे, असं ठरवून एका कार्यकर्त्याने मला पाणी आणून दिलं. ते मी प्यायलो. पुरस्काराचं काय ठरलं ते मला कळवलेलं नाही.

दसऱ्यानंतर आकाश स्वच्छ झालं. वहिनींच्या घराची किल्ली अजून माझ्याकडे आहे. अंधारलं की मी वर जातो. त्या दुर्बिणीला उजव्या डोळ्याच्या नळीवर एक फिरणारं कडं आहे. दोन डोळ्यांतला फरक त्याने जुळवून घ्यायचा असतो, आणि प्रत्येक माणसाची खूण निराळी. वहिनींची खूण त्यांनी नखाने ओरखडून ठेवलेली आहे. मी आपल्या डोळ्यांपुरतं कडं फिरवून घ्यायचो आणि बघून झालं की पुन्हा त्या ओरखड्यावर आणून ठेवायचो. कारण दुसऱ्या दिवशी आधी त्या बघणार असायच्या. अजूनही तसंच करतो. परवा मात्र कडं फिरवायचं विसरलो आणि तशीच दुर्बीण डोळ्यांना लावली. मुकुटातले तारे लोकरीच्या गोळ्यांसारखे फुगलेले, एकमेकांत मिसळलेले दिसत होते. मग हळूहळू कडं माझ्या खुणेवर आणलं. एकेक तारा आवळत गेला, टोकदार झाला, आपल्या जागी जाऊन बसला. पुन्हा त्यांच्या खुणेवर नेलं, पुन्हा सगळे विरघळले. असं मी किती वेळ करत होतो कोण जाणे. वाटीच्या आतल्या त्या एका रिकाम्या जागेत मात्र कडं कुठेही फिरवा, काही बदलत नव्हतं. तेवढ्यापुरतं त्यांच्या डोळ्यांना आणि माझ्या डोळ्यांना अगदी सारखंच दिसत होतं.